मधल्या थांब्यातले पोर्ट लुई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत मॉरिशसविषयी जेव्हा जेव्हा काही छापून येते, तेव्हा त्यात निळे पाणी, पांढरी वाळू, शामारेलची सात रंगांची माती आणि गंगा तलाव एवढे हमखास असते. राजधानीच्या वाट्याला मात्र ‘खरेदीसाठी पोर्ट लुई’ अशी एखादी ओळ येते. हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. आफ्रिकेकडे जाताना किंवा तिकडून परतताना ज्यांना या बेटावर सात ते दहा तासांचा थांबा मिळतो, त्यांनी विमानतळावर बसून राहू नये, समुद्रकिनाऱ्यामागेही धावू नये, तर सरळ राजधानीत जाऊन बंदरालगतचा एवढासा भाग पायी पाहावा, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, हे थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी.

मी व माझी थोरली बहीण गेल्या वर्षी भाच्याकडे जोहान्सबर्गला गेलो होतो. जाताना मॉरिशसमध्ये सात तास आणि येताना नऊ तास अशी दोन वेळा विमाने बदलायची होती. जातानाच्या थांब्यासाठी आम्ही एका प्रवासी कंपनीकडून अर्ध्या दिवसाची सहल आधीच घेऊन ठेवली होती. गाडी वातानुकूलित होती, चालक अतिशय सौजन्याने वागत होता आणि हातातल्या कागदावर नऊ ठिकाणांची नावे होती. प्रत्यक्षात आमचे पाय जमिनीला लागले ते तीनच ठिकाणी, आणि त्यांतली दोन दुकाने होती : एक जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचे आणि दुसरे दागिन्यांचे. या प्रतिकृती करण्याची कला तेथे खरोखर चांगली जोपासली गेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु दोन दुकानांत मिळून सव्वा तास गेला आणि ज्या आप्रवासी घाटासाठी, म्हणजे भारतातून आलेले मजूर जेथे उतरले त्या जागेसाठी, ताईने ही सहल घ्यायला लावली होती, तो ‘उजवीकडे पाहा’ एवढ्यावर आटोपला. गाडी उभी करायला तेथे जागा नाही, असे आम्हांला सांगण्यात आले. ताईला उजवीकडे एक बस तेवढी दिसली.

परतीच्या थांब्यात आम्ही कोणतीही सहल घेतली नाही. आधी कागद-पेन्सिल घेऊन वेळेचा हिशेब मांडला, आणि तो उलट्या बाजूने, म्हणजे पुढचे विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे येत मांडला. विमानतळावर तीन तास आधी परत पोहोचायचे. राजधानी ते विमानतळ हे सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर गाडीने तासाभराचे, पण दुपारी चारनंतर कचेऱ्या सुटल्या की शहरातून बाहेर पडणारा रस्ता तुंबतो, म्हणून अडीच-तीनलाच शहर सोडायचे. सकाळी उतरल्यावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेसाठी एक तास धरायचा. जायला पुन्हा एक तास. नऊ तासांतून हे सगळे वजा केल्यावर शहरासाठी हातात उरले तीन तास. सात तासांचा थांबा असेल तर जेमतेम एक. हा आकडा आधी समोर असला की नऊ ठिकाणांच्या कागदाचा मोह आपोआप सुटतो. भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही, तो उतरल्यावर मिळतो; परंतु पुढच्या प्रवासाचे तिकीट हाताशी असले पाहिजे, आणि सामान थेट अंतिम मुक्कामी जाणार आहे की मध्ये आपल्यालाच उतरवून घ्यायचे आहे, हे पहिल्याच विमानतळावर स्पष्ट विचारून घेतले पाहिजे. दोन पेट्या ओढत पोर्ट लुई पाहता येत नाही.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आणि राजधानी वायव्य किनाऱ्यावर, ही गोष्ट प्रथम गैरसोयीची वाटते. त्यामागे मात्र बेटाचा इतिहास आहे. १५९८ मध्ये डच आले ते आग्नेयेच्या बंदरात, आजच्या विमानतळापासून जवळच. तेथे बारमाही आग्नेय वारे थेट किनाऱ्यावर येतात, त्यामुळे शिडाच्या जहाजाला आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे महाकठीण. डच गेल्यानंतर आलेल्या फ्रेंचांनी म्हणून डोंगरांच्या आडोशाचे वायव्येकडील बंदर निवडले, त्याला आपल्या पंधराव्या लुई राजाचे नाव दिले, आणि १७३५ मध्ये आलेल्या माहे द लाबुर्दोने या गव्हर्नराने तेथे राजधानी उभी केली. आपला तासाभराचा रस्ता हा असा जुन्या बंदराकडून नव्या बंदराकडे बेट ओलांडून जातो. मधल्या पठारावर क्युरपिपच्या बाजूला आम्हांला बारीक पाऊस लागला, आणि मोका डोंगररांग उजवीकडे ठेवून खाली उतरू लागलो तसे ऊन आले. जे वारे जहाजांना अडवत होते तेच पठारावर पाऊस पाडतात, आणि राजधानी पर्जन्यछायेत राहून कोरडी व उष्ण होते. छत्री आणि टोपी दोन्ही बरोबर असाव्यात, ते याच कारणाने. या रांगेत अंगठ्यासारखे दिसणारे एक शिखर आहे, त्याचे फ्रेंच नावही ‘अंगठा’ याच अर्थाचे आहे. दुसऱ्या एका शिखराच्या टोकावर माणसाच्या डोक्यासारखी भली मोठी शिळा बसलेली दिसते. ही दोन शिखरे शहरात कोठेही उभे राहिले तरी दिशा सांगतात.

शहरात पोहोचताच आम्ही प्रथम घाटावर गेलो, आणि माझा आग्रह असा आहे की प्रत्येक मराठी प्रवाशाने तेच करावे. सकाळी पाय ताजे असतात, ऊन चढलेले नसते, आणि पुढे वेळ कमी पडलाच तर बाजार किंवा संग्रहालय राहिल्याचे वाईट वाटत नाही. आप्रवासी घाट म्हणजे १८४९ पासून उभारत गेलेली, करारबद्ध मजुरांना उतरवून घेण्याची व त्यांची नोंद करण्याची जागा. गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, आणि ब्रिटिश सरकारने गुलामांच्या जागी ‘स्वेच्छेने’ करार केलेले मजूर आणून पाहण्याचा प्रयोग प्रथम याच बेटावर केला. कलकत्त्याहून निघालेल्या ‘अ‍ॅटलस’ जहाजातून २ नोव्हेंबर १८३४ रोजी छत्तीस माणसे येथे आली, आणि १९२० पर्यंत हा आकडा पाच लाखांच्या घरात पोहोचला. काहींना येथूनच पुढे आणखी दूरच्या वसाहतींत पाठवले गेले. युनेस्कोने २००६ मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

प्रत्यक्षात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील तर उत्तर थोडे अवघड आहे, कारण जागा लहान आहे. सारी मिळून १,६४० चौरस मीटर. मूळ वसाहतीचा मोठा भाग पुढे रस्ते करताना गेला. राहिले आहे ते दगडी प्रवेशद्वार, रुग्णालयाच्या काही खोल्या, स्वयंपाकघराच्या आणि शौचकूपांच्या भिंती, मजुरांच्या निवाऱ्याचे अवशेष आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या. जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाला याच पायऱ्या चढून आत यावे लागे. साधारण दोन दिवस येथे ठेवून घेत, तपासणी होई, प्रत्येकाला क्रमांक मिळे, आणि मग मळ्यांकडे रवानगी होई. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून ती पायऱ्यांशेजारी बसून राहिली. समुद्र आता भराव घालून मागे सारला आहे, तेव्हा पायऱ्या पाण्यातून वर येत आहेत असे चित्र डोळ्यांसमोर आपल्यालाच उभे करावे लागते. शेजारच्या जुन्या दगडी गोदामात माहिती केंद्र आहे. तेथे जहाजांवरचा शिधा, करारपत्रे, मजुरांना जवळ बाळगावे लागणारे ओळखपत्र यांची नीट मांडणी केलेली आहे. घाई असली तरी या केंद्राला तासभर द्यावा. त्याला लागूनच जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत गुलामगिरीविषयीचे संग्रहालय आहे. आम्हांला ते पाहता आले नाही याची चुटपुट राहिली, कारण घाटाची कहाणी खरे तर त्या कहाणीच्या पुढच्या पानावर सुरू होते.

या मजुरांत भोजपुरी, तमिळ आणि तेलुगू बोलणारे जसे होते, तसे मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, आणि त्यांत रत्नागिरीकडचे बरेच. हे मला पुस्तकी माहिती म्हणून ठाऊक होते. माहिती केंद्रात मात्र नातवंडांना घेऊन आलेल्या एका वृद्ध बाई आमचे बोलणे ऐकून थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘आपण महाराष्ट्रातून आला आहात काय?’’ मुलांशी त्या क्रेऑल या तेथील बोलीत बोलत होत्या, आमच्याशी बोलताना मात्र एकेक शब्द जपून, संपूर्ण वाक्यात बोलत. तेथील सरकारी शाळांत मराठी हा विषय घेता येतो आणि त्या तो शिकल्या होत्या. त्यांच्या घरचे आडनाव हे मुळात पणजोबांचे पहिले नाव आहे. नोंदवहीत जे लिहिले गेले तेच पुढच्या पिढ्यांना आडनाव म्हणून चिकटले, आणि असे बेटावर असंख्य घरांचे झाले आहे. मूळ नोंदवह्या आणि छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत, तेथे जाऊन लोक आपल्या घराण्याचा माग काढतात, असे त्यांनी सांगितले. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते हे आपण कौतुकाने वाचतो, पण ती सुट्टी ज्यांच्यामुळे आली त्यांचे पूर्वज ज्या पायऱ्यांवरून आत आले, त्यांच्यावरून आपली सहल पन्नासच्या वेगाने पुढे जाते. त्या बाईंना मी हे बोलून दाखवले नाही.

घाटापासून पुढचे सगळे पायी करता येते. मध्यवर्ती बाजार पाच-सात मिनिटांवर आहे आणि त्याच्या लोखंडी फाटकावर राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे अजून आहेत. आत भाजीचे गाळे, निरनिराळ्या रोगांवरच्या काढ्यांच्या जुड्या विकणारे, आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या. तेथे दालपुरी खावी. आपल्याकडच्या पुरणपोळीतून गूळ काढून घेतला आणि ती रुमालाइतकी मऊ व पातळ केली, तर जे होईल ते. आत शिजवलेल्या चणाडाळीची भुकटी, वरून घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा, लोणचे आणि झणझणीत मिरची. ती एकेक मागायची नसते, जोडीनेच मिळते. सब्जा घातलेले ‘आलुदा’ नावाचे थंड दूध आमच्या फालुद्याचेच भावंड निघाले. जेवणासाठी वेगळे उपाहारगृह शोधत बसलो असतो तर एक तास सहज गेला असता. येथे वीस मिनिटांत भागले. पैसे मात्र मॉरिशसच्या रुपयांत सुटे असावेत, आपला रुपया वेगळा आणि त्यांचा वेगळा.

बाजारातून बंदराकडे आले की ताडासारख्या उंच झाडांच्या दोन ओळी लागतात, एका टोकाला जुने सरकारी भवन आणि दुसऱ्या टोकाला समुद्राकडे तोंड करून उभा असलेला लाबुर्दोनेचा पुतळा. हाच गृहस्थ १७४६ मध्ये येथून जहाजे घेऊन गेला आणि त्याने इंग्रजांकडून मद्रास जिंकले, हे तेथे उभे राहून आठवले म्हणजे हिंदी महासागराचा नकाशा एकदम लहान वाटू लागतो. बंदरालगतच्या कोदाँ भागात ‘ब्लू पेनी’ नावाचे एक आटोपशीर संग्रहालय आहे. १८४७ मध्ये मॉरिशसने काढलेली एक पेनीची नारिंगी आणि दोन पेन्सची निळी अशी दोन टपाल तिकिटे तेथे आहेत. ब्रिटिश वसाहतींनी काढलेल्या अगदी पहिल्या तिकिटांत त्यांची गणना होते आणि दोन्ही मिळून जगात जेमतेम पंचवीस-तीस शिल्लक आहेत. १९९३ मध्ये मॉरिशसमधील बँका आणि कंपन्यांनी एकत्र येऊन ही जोडी लिलावात घेतली व बेटावर परत आणली. रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवरचा दिवा तासातून थोडाच वेळ लावतात, एरवी प्रतिकृती पाहाव्या लागतात. तिकीट खिडकीवर दिव्याची वेळ विचारूनच आत जावे. आम्ही विचारले नाही, आणि नखाएवढ्या दोन कागदांसाठी अंधाऱ्या खोलीबाहेर पंधरा मिनिटे उभ्या राहिलो. त्या पंधरा मिनिटांपायी डोडोचा सांगाडा हुकला. हा उडता न येणारा पक्षी फक्त याच बेटावर होता आणि डच आल्यानंतर शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. एकाच पक्ष्याचा म्हणता येईल असा संपूर्ण सांगाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट लुईतल्या एका केशकर्तनकाराने शोधून काढला, हे कळल्यापासून मला तो पाहायचा होता. निसर्गसंग्रहालय तेथून पायी जाण्याइतके जवळ आहे. ते उघडे आहे की नाही, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

टेकडीवरचा अ‍ॅडलेड किल्ला आणि १८१२ पासूनचे शाँ द मार्स हे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान थोड्या वेळात साधण्याचा प्रयत्न करू नये, असे मला वाटते. किल्ल्यावरून बंदर आणि मैदान दोन्ही एका नजरेत दिसतात हे खरे, पण चढ उभा आहे, सावली नाही, आणि खाली उतरेपर्यंत तास गेलेला असतो. १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र देशाचा झेंडा त्याच मैदानावर चढला, एवढे मनात ठेवून पुढे जावे. ज्यांचे गुडघे ठीक आहेत आणि ज्यांच्याकडे दहा तास आहेत, त्यांनी जरूर जावे.

दोन सावधगिऱ्या. रविवारचा थांबा असेल तर हे सगळे विसरावे. घाट बंद असतो, दुकानांची दारे लावलेली असतात आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. इतर दिवशीही संध्याकाळी पाचनंतर शहर रिकामे होते. दुसरी गोष्ट पावसाची. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ, आणि डोंगर इतके जवळ आहेत की मोठी सर आली की पाणी थेट शहरात उतरते. ३० मार्च २०१३ रोजी अशाच अचानक पुरात अकरा जणांचे प्राण गेले, त्यांतले बरेच जण कोदाँजवळच्या भुयारी मार्गात आणि तळघरातल्या वाहनतळात अडकले होते. बंदर आणि शहर यांच्यामध्ये मोठा रस्ता आहे आणि तो ओलांडायला पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग आहेत; जोराचा पाऊस सुरू असेल तर त्यांत उतरू नये आणि सरळ विमानतळाकडे निघावे.

वाहनाबद्दल एक शब्द. राजधानीहून क्युरपिपपर्यंत मेट्रो आहे, तिच्या उभारणीला भारताने आर्थिक साहाय्य दिले आणि काम भारतीय कंपनीने केले, म्हणून तिच्यात बसण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु ती विमानतळापर्यंत जात नाही. बस स्वस्त आहे आणि रमतगमत जाते. थांब्याच्या प्रवाशाने जाण्या-येण्याचे भाडे आधी ठरवून टॅक्सी करावी, परतीची वेळ व जागा चालकाला लिहून द्यावी, आणि ‘वाटेत एक चांगले दुकान आहे’ या वाक्याला नम्रपणे नाही म्हणावे. आमचा दुसऱ्या वेळचा चालक ठरल्या जागी दहा मिनिटे आधीच येऊन उभा होता.

आपल्या पुरवणीकडे माझी मागणी मर्यादित आहे. बेटाची संपूर्ण सहल करणाऱ्यांसाठी लेख येतच राहतील आणि यावेत. पण नोकरीसाठी, मुलाबाळांकडे किंवा लग्नकार्याला आफ्रिकेकडे जाणारे कितीतरी वाचक फक्त काही तासांसाठी येथे उतरतात. त्यांच्यासाठी एखादा चौकट मजकूर द्यावा : कोणत्या वारी काय बंद असते, विमानतळापासून किती वेळ लागतो, शहरातून केव्हा निघावे. त्या चौकटीत आप्रवासी घाट पहिल्या ओळीत असावा. परतल्यावर मी ती सहल विकणाऱ्या कंपनीलाही पत्र लिहिले होते. नऊ ठिकाणांच्या यादीत आता दहावे ठिकाण घातले आहे, असे त्यांनी कळवले.

आपली नम्र,
एक वाचक